कागदातली थोरली

१२ जानेवारी
अण्णा आज रडले! कादंबरीतल्या थोरलीसाठी. ती ठरलेलं लग्न मोडते, आजारी बापापाशी राहते, आणि कुरकूर म्हणून नाही. "काय गुणाची पोर! भाग्य लागतं." आवाज माझा, घसा माझा, डोळे पुसले तिच्यासाठी. मग मला म्हणाले, भाजीत मीठ विसरलीस.

काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले तेव्हापासून मीच वाचून दाखवते. निवृत्तीनंतर वाचीन म्हणून त्यांनी जपून ठेवलेले तीन जाडजूड खंड. आता माझ्या गळ्यात.

१३ जानेवारी
या थोरलीचा मला संताप येतो. पाचशे पानं झाली, एकदा तरी तोंड उघड की बाई! एखादं भांडं आपट! हिची पाठ दुखत नाही, हिला न्हाणीघर घासावं लागत नाही. नुसती खिडकीत उभी राहून हसते. कसलं हसू येतं हिला, देव जाणे.

१५ जानेवारी
पुस्तकातला धाकटा भाऊ उगवला — तीन वर्षांनी, हात हलवत. म्हातारा लगेच विरघळला. अण्णाही. म्हणे, पोरगा मनानं चांगला आहे.

आमचाही मनानं चांगलाच आहे. माझ्या पाठचा. दर रविवारी फोनवर विचारतो, ताई, अण्णांची काळजी घेतेस ना? बोलायला काय जातंय!

१८ जानेवारी
आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. दुसऱ्या गावी नवी शाखा निघतेय, ती मी सांभाळायची. मागच्या खेपेला नाही म्हटलं होतं. या वेळी सोमवारपर्यंत सांग, नाहीतर दुसरीला विचारते, म्हणाल्या.

दिवसभर लोकांच्या शिरा शोधून रक्त काढलं, हात हलला नाही. घरी अण्णांना सांगायला गेले आणि चहा घेणार का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, वाच, थोरलीचं काय झालं?

१९ जानेवारी
आज थोरलीला मी घराबाहेर काढलं.

पुस्तकात ती दारापर्यंत जाते, परत येते आणि म्हाताऱ्याचे पाय चेपते. मी वाचलं — थोरलीनं बॅग भरली, म्हणाली, मला माझं काम करायचंय, माझंही वय चाललंय, आणि गेली. चांगलं दीड पान, सगळं मनचं! मध्ये पानसुद्धा उलटलं, आवाज यावा म्हणून. इतकं कुठून सुचलं? पोटात साठलेलंच होतं म्हणायचं.

अण्णांनी विचारलं, "म्हाताऱ्याचं पुढं काय झालं?"

त्याचं काही दिलेलं नाही, म्हटलं. लागावं म्हणूनच म्हटलं. आणि बरं वाटलं मला.

२० जानेवारी
अण्णा धड जेवले नाहीत. वाच म्हणाले नाहीत. कागदातल्या पोरीचं एवढं दुःख! मी गेले तर मिठावाचून अडेल, इतकंच.

धाकट्याचा फोन आला. तेच.

उद्या सोमवार. नाहीच म्हणणार, दुसरं काय? थोरलीला परत आणायला हवं. विसरली होती काहीतरी, असं वाचीन.

२१ जानेवारी
सकाळी स्वयंपाकघरात खुडबूड. जाऊन बघते तर अण्णा ओट्याशी. भिंत चाचपत एकटे आलेले. ओटाभर साखर, चहा अर्धा उतू गेलेला, अंगठा भाजलेला. मी ओरडलेच, हे काय चालवलंय?

अंगठा नळाखाली धरू दिला. मग म्हणाले, "सवय करतोय. थोरली निघालीय ना."