मागच्या दोन गुंठ्यांतली झिनिया

आबा, घरामागे तुम्ही मेथी-कोथिंबीर लावायचात ती जागा आता माझी आहे, आणि तिथे मी झिनिया लावली आहे. एका जातीची नाही, पाच जातींची. एक डेलियाएवढी भरगच्च, एक शर्टाच्या बटणासारखी गोल, एक पाकळ्यांच्या सुरळ्या झालेली, एक लाल-पिवळ्या पट्ट्यांची आणि एक कैरीच्या रंगाची. ती बघून तुम्ही नक्की म्हणाला असता, ह्ये फूल हाय का पाला. तुम्हाला मुद्दाम सांगते आहे, कारण तुम्हाला हे आवडलं नसतं.

मी नववीत होते. मैत्रिणीने दिलेल्या वाळक्या फुलांचं बी मी तुमच्या मेथीच्या कडेने टोचलं होतं, आणि श्रावणात ती रांग फुलली. एके दिवशी शाळेतून येते तर तुम्ही वाकून एकेक रोप मुळासकट उपटताय. "देवाला चालंना, जनावर खाईना, बाजारात कुणी घेईना. ह्याला पाणी कशापायी?" आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तिचा हात थांबतो आणि पुन्हा चालू होतो. मी म्हणते, "मला आवडत्यात." तुम्ही वर न बघता म्हणता, "तुला आवडून काय हुतंय? जागा काय तुजी हाय व्हय?"

मग मी लग्न होऊन रिहे गावी गेले, शाळेत शिकवू लागले. इकडे आपल्या माण गावची शेतं गेली, कंपन्या आल्या, धाकट्या भावाने घरावर भाड्याच्या खोल्या चढवल्या. तुम्ही त्याच्या हाती माझ्याकडे हक्कसोडपत्र पाठवलंत. वडिलांच्या जमिनीवर आमचा हक्क नाही, असं बहिणींनी लिहून द्यायचा कागद. दोन्ही आत्यांनी तुमच्यासाठी निमूट सही केली होती. मी तो कागद कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

तुम्ही गेल्यावर धाकटा पुन्हा आला. "आक्का, तुला काय कमी हाय? पगार हाय, घर हाय."

"कमी काय न्हाई. माझं हाय त्ये मला पायजे."

"लोक काय म्हणत्याल?"

"लोकांनी त्यांच्या बहिणींना इचारावं."

तो वर्षभर बोलला नाही. आत्यासुद्धा बोलल्या नाहीत, याचं मला जास्त आश्चर्य वाटलं. पण वाटणी झाली आणि घरामागचे हे दोन गुंठे माझ्या नावावर चढले. निवृत्त झाले, तुमचे जावईही गेले, तशी मी इथे एक खोली बांधून राहायला आले. धाकटा अजून सांगतो, "आक्का, हितं सहा खोल्या सहज निघत्यात." मी म्हणते, "निघत असतील. मी काढणार न्हाई."

झिनियाला फार लाड चालत नाहीत, आबा. ऊन हवं, पाणी बुंध्याशी हवं. पानांवर पडलं की भुरीची पांढरी बुरशी धरते. रोप वीतभर झालं की मी शेंडा खुडते, म्हणजे बाजूने फुटवे येतात. पहिल्या वर्षी खुडताना जीव होत नव्हता. आता होतो. धाकट्याच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी, कंपनीत कामाला जाणारी वऱ्हाडातली मुलगी सकाळी थांबून विचारते, "काकू, याचा उपयोग काय असतो?" मी म्हणते, "काही नाही. कोणतं हवं?" ती रोज पट्ट्यांचंच मागते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला विचारलंत, "सही केलीस का गं?" मी म्हणाले, "केली." तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "शानी माजी बाय." तेवढा लाड तुम्ही माझा आधी कधी केला नव्हता. सही न केल्याचा मला पश्चात्ताप नाही, खोटं बोलल्याचाही फारसा नाही. पण तुमचा तो शब्द सही करणाऱ्या मुलीसाठी होता, माझा नव्हता, हे मला कळत होतं. तरी मी हात सोडवून घेतला नाही. मला बरं वाटत होतं.