देवासकरांचं इन्स्पेक्शन

१९ मे, धार

आजपासून ही वही. मराठीत लिहायची. मुलगी स्वानंदी मराठी बोलते पण वाचते फक्त हिंदी, आणि बायको शशिकला सध्या घरी नसतेच. त्यामुळे वही सेफ.

विषय: सासरे. गोपाळराव, वय ब्याऐंशी, सगळे दादा म्हणतात. पोटाचा कॅन्सर, वर जुना डायबेटिस. इंदूरच्या डॉक्टरांनी हात टेकले. म्हणून आता नालछा रोडवरच्या ‘शांतिछाया’मध्ये ठेवलंय. तिथे बरं करत नाहीत, फक्त त्रास कमी करतात. हॉस्पिस म्हणतात त्याला. शशिकला दिवसभर वडिलांपाशी, आणि मी सासुरवाडीच्या रिकाम्या घरात कुलूप-किल्ली सांभाळत बसलोय.

जागा कोणी निवडली? अंबरीशने. माझा साडू, धाकटा जावई. पुण्यात एसीत बसून, मोबाईलवर रिव्ह्यू वाचून. मला कोणी विचारलं? मी कोण? मी फक्त मोठा जावई. आणि आयुष्यभर देवासच्या फॅक्टरीत फायनल इन्स्पेक्शन केलेला माणूस. माझ्या सहीशिवाय एक गिअर गेटबाहेर पडला नाही.

संकल्प: संस्थेचं संपूर्ण मूल्यमापन. अगदी तटस्थ. मग रिपोर्ट, मग दादांना इंदूरच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं. तिथे नळ्या लावतात, माणूस टिकतो.

ता. क. जागा भिकार आहे. हे तटस्थपणेच लिहितोय.

२० मे

पहिली व्हिजिट. गेटवर कोणी हटकलं नाही. सिक्युरिटी शून्य. चहा विचारला नाही.

कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलो. सरला सिस्टर म्हणून एक आहेत, त्या जाता-येता म्हणाल्या, भाईसाब, बाऊजी जग रिये हैं, अंदर चले जाओ नी. मी म्हटलं, मी कामावर आहे.

खोलीत गेलो नाही. जावयाला दाराशी येऊन ‘या’ म्हणायची पद्धत आहे. सासुरवाडी खोलीएवढी झाली म्हणून पद्धत बदलत नाही. शिवाय इन्स्पेक्टरने मालाशी ओळख वाढवू नये. जजमेंट जातं.

२३ मे

अधिक महिना लागलाय. तीन वर्षांतून एकदा येतो. जावई म्हणजे विष्णू, म्हणून या महिन्यात सासरे जावयाला ताम्हनात अनारसे घालून, दिवा लावून वाण देतात. अनारसे जमले नाहीत तर बत्तासे. मागच्या अधिकात दादांनी अंबरीशला चांदीचं ताम्हन दिलं. मला तांब्याचं. मी त्याचं काही मनात ठेवलेलं नाही. फक्त सराफाकडे जाऊन चांदीच्याचं वजन किती भरेल एवढं विचारून आलो होतो.

आणखी एक. अंबरीशला ते ‘अंबरीशराव’ म्हणतात. मी लग्नाच्या दिवसापासून ‘देवासकर’. मला नाव आहे. उमाशंकर. लग्नपत्रिकेत छापलेलं होतं.

या वर्षी वाणाची अपेक्षा शून्य. माणूस आजारी आहे, कळतं मला. तरी कोणी विषय तरी काढावा.

२७ मे

आजचे डिफेक्ट:

संध्याकाळी पेशंटचे पलंगच्या पलंग बाहेर कडुनिंबाखाली काढतात. उघड्यावर! वर पक्षी!

राजगढच्या एका बाईंना नाश्त्याला जलेबी दिली. डॉक्टर समोर उभे, आणि विचारतात काय, तर गरम आहे ना.

एका म्हाताऱ्याचा कुत्रा खोलीत झोपतो. त्याच्यासाठी वेगळी चादर आहे.

मशीनं नाहीत. कुठेच काही टूं टूं वाजत नाही. मग काम चाललंय हे कळणार कसं?

स्टाफ हसतो. दादांच्या खोलीतूनही हसण्याचा आवाज आला. त्यात एक आवाज दादांचा होता. आजाराचं गांभीर्य पेशंटपर्यंत पोचवण्यात संस्था साफ अपयशी.

चहा विचारला नाही.

३० मे

सरप्राईज चेक. भर दुपारी गेलो, तेव्हा सगळे बेसावध असतात. मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीआड उभा राहून किचनवर नजर ठेवली. लूचा गरम वारा चालला होता. थोडं गरगरलं. रघुजी नावाचा वॉर्डबॉय (बॉय कसला, पन्नाशीचा आहे) धावत आला, म्हणाला भिया, यां कां धूप में सूख रिये हो, आणि दंडाला धरून आत नेलं. सरला सिस्टरांनी बीपी बघितलं. म्हणाल्या जास्त आहे. मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि रिकाम्या पलंगावर पंख्याखाली झोपवलं. संध्याकाळी जाग आली.

निष्कर्ष: त्यांचं बीपीचं मशीन खराब आहे.

गादी बरी होती. पण गादीवर कोणी संस्था निवडत नाही.

२ जून

शशिकलाशी कॉरिडॉरमध्ये वाद. म्हणाली दादा रोज विचारतात, देवासकर कुठे आहेत. मी म्हटलं, बोलवावं मग. ती म्हणाली, बोलावतायत म्हणूनच सांगतेय. मी म्हटलं, निरोपावर जावई येत नाही, दाराशी येऊन ‘या’ म्हणावं लागतं. ती तरातरा दाराशी गेली आणि म्हणाली, या! मी म्हटलं, या सुरात कुत्र्याला बोलावतात. ती म्हणाली, इथे कुत्र्याला चांगल्या सुरात बोलावतात.

तिच्यावर या जागेचा परिणाम होतोय. रिपोर्ट लवकर पूर्ण करायला हवा.

५ जून

ब्रेक-थ्रू!

दादांचा पलंग कडुनिंबाखाली गेला होता, खोली रिकामी. संधी साधून आत शिरलो. फरशी ठीक. खिडकी ठीक. बसायचं स्टूल डुगडुगतं, एक पाय आखूड. नोंद केली. मग पलंगाशेजारच्या कपाटाचा खण उघडला.

खणात कागदाच्या पुड्यात बत्तासे! पोटाच्या पेशंटच्या, डायबेटिसच्या पेशंटच्या उशाशी साखर! आणि पुड्याला मुंग्यांची रांग. फोटो काढले. एक लांबून, एक मुंग्यांचा.

अंबरीशला ताबडतोब पाठवले. त्याने अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे काय? लाज वाटायला हवी.

६ जून

सगळ्यांसमोर पुडा बाहेर काढला. चौकशी केली. रघुजीने कबूल केलं, त्यानेच बाजारातून आणून दिले. म्हणत होता, बाऊजी ने बोल के मंगवाए थे भिया, खुद के खाने के नी हैं, किसी को देने हैं. मी म्हटलं, पकडला गेलेला प्रत्येक जण हेच म्हणतो. कोणाला द्यायचेत हे मी विचारलं नाही. इन्स्पेक्टर डिफेक्ट बघतो, डिफेक्टची कहाणी ऐकत नाही.

पुडा माझ्या देखरेखीखाली कचऱ्यात. खण फिनेलने पुसून घेतला. रघुजीचा चेहरा पडला होता. पडायलाच हवा.

बऱ्याच दिवसांनी कामाचं समाधान मिळालं. जेवण दोन घास जास्त गेलं.

९ जून

डॉक्टर धवल यांच्यासमोर रिपोर्ट सादर. शुद्ध मराठीत लिहिला होता, ‘सदरहू’ सकट. त्यांनी पहिलं पान बघून हात जोडले. म्हणाले, सर, मराठी नहीं आती, आप ही सुना दीजिए. मग हिंदीत सांगावं लागलं. मराठीत भारदस्त वाटणाऱ्या गोष्टी हिंदीत कशा कोण जाणे बारीक झाल्या. ‘अभ्यागतांचे आतिथ्य अत्यंत असमाधानकारक’ याचं ‘चाय नहीं पूछी’ झालं. डॉक्टरांनी गंभीरपणे लिहून घेतलं. सरला सिस्टर तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या.

मग मी मुद्द्यावर आलो. चौदा तारखेला इंदूरहून ॲम्ब्युलन्स मागवली आहे, दादांना हलवणार. डॉक्टर म्हणाले, जरूर, पण बाऊजींना एकदा विचारून घ्या. आपण त्यांच्याशी बोललात ना? मी म्हटलं, ते माझ्या स्कोपमध्ये नव्हतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. चहा मागवला. माझ्या तक्रारीनंतर आलेला चहा मी का प्यावा? प्यायलो नाही. वेलचीचा होता.

१२ जून

आज खोलीत गेलो. विचारायचं म्हणून. ऑफिशियल काम असलं तर बोलावण्याची गरज नसते. शशिकला आंघोळीला घरी गेली होती.

दादा फार बारीक झालेत. चादरीखाली माणूस आहे हे शोधावं लागतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे शशिकला सांगत होती.

डोळे अर्धे उघडे. माझ्या दिशेने बघून म्हणाले, अंबरीशराव, आलात?

मी चूक दुरुस्त करणार होतो. पण ते बोलतच राहिले. थांबत थांबत, त्यांच्या त्या जुन्या मराठीत. म्हणाले, बरें झाले आलात. एक काम करा. देवासकर बाहेर उभे असतात. रोज येतात, सरला सांगते. त्यांस आत घेऊन या. आपणहून यायचे नाहीत, मानी आहेत. मीच दाराशी गेलो असतो, पण पाय ऐकत नाहीत.

मग म्हणाले, अधिकाचे वाण त्यांस द्यावयाचे आहे. मागल्या खेपेस तांब्याचे ताम्हन दिले, ते त्यांच्या मनास लागले. आता चांदी कोठून आणू. पण पहिले वाण त्यांचे. खणात बत्तासे आहेत, तेवढे काढा.

मी खण उघडला. मला माहीत होतं, तरी उघडला. आत काहीच नव्हतं. एक मुंगी नव्हती. फिनेलचा वास येत होता.

दादा म्हणाले, आहेत ना? मी म्हटलं, आहेत. म्हणाले, मग आणा देवासकरांना. मी म्हटलं, आणतो.

इंदूरचं विचारायचं राहिलं.

बाहेर आलो. कॉरिडॉरमध्ये कोणी उभं नव्हतं. उभा राहणारा मीच. भिंत धरून बाकापर्यंत गेलो. बीपी असावं. त्यांचं मशीन बरोबर असावं.

१२ जून, संध्याकाळी

धारच्या बाजारात गेलो. तीन दुकानं फिरलो. पहिल्यात फुटके होते, दुसऱ्यात पिवळे पडलेले. तिसऱ्यात एकेक बत्तासा उजेडात धरून निवडला. दुकानदार म्हणाला, भिया, बत्तासे हैं, हीरे नी हैं. मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांनी मला द्यायचेत. त्याने मागचा नवा डबा उघडून पुढे केला.

परत आलो तर दादा झोपलेले. स्टुलावर बसून राहिलो. डुगडुगत होतं.

जाग आल्यावर पुडा त्यांच्या हाताशी ठेवला. मग ठरल्याप्रमाणे देवासकरांना आणायला बाहेर गेलो. दाराबाहेर उभा राहिलो, आणि आत जाता येईना. एवढे दिवस आत न जायला कारणं होती. आता एकही सापडेना. नुसती भीती वाटत होती. सरला सिस्टर येत होत्या. त्यांनी बघितलं, दाराशी गेल्या, वळल्या आणि म्हणाल्या, आओ भाईसाब.

हिंदीत बोलावलं. चाललं.

आत गेलो. दादांनी मान वळवली. म्हणाले, देवासकर, या.

पुडा उचलायला गेले, उचलवेना. मी त्यांच्या हाताखाली हात धरला, आणि दोघांच्या हातांनी उचलून माझ्या ओंजळीत ठेवला. दिवा नव्हता. मागून आलेल्या रघुजीने मोबाईलचा टॉर्च लावला. कोणी हसलं नाही. मी वाकून नमस्कार केला. दादांना हात माझ्या डोक्यापर्यंत नेता आला नाही, कानापाशीच राहिला. मी तसाच वाकून राहिलो.

थोड्या वेळाने म्हणाले, अंबरीशराव कोठे गेले?

मी म्हटलं, बाहेर उभे आहेत.

म्हणाले, राहू द्या त्यांस थोडा वेळ.

१३ जून

ॲम्ब्युलन्स कॅन्सल. कारण विचारलं त्यांनी. म्हटलं, उन्हाळा फार आहे.

रघुजीला सॉरी म्हणायचं ठरवलं होतं. समोर आला तेव्हा म्हटलं, खण छान पुसला होता. तो म्हणाला, कोई बात नी भिया.

दिवसभर स्टुलावर.

१५ जून

सकाळी दादा गेले. शशिकला डोक्याशी होती, मी पायाशी. काही वाजलं नाही. मशीनच नव्हतं. मी मोठ्याने रडलो, कॉरिडॉरपर्यंत ऐकू गेलं असणार.

दुपारी अंबरीश आणि मेहुणी अवंती पोचले. अंबरीश माझ्या गळ्यात पडला. म्हणाला, मला भेटायला मिळालं नाही. अवंती म्हणाली, पण ताई सांगत होती, दादा शेवटी म्हणाले की अंबरीशराव आले, त्यांनी माझं काम केलं. अंबरीशला काही कळेना. सगळे म्हणाले, भास झाला असेल.

मग त्याने विचारलं, तुम्ही बारकाईने बघत होतात, जागा कशी होती?

म्हटलं, स्टुलाचा एक पाय आखूड आहे.

स्मशानातून आल्यावर पुडा उघडला. मुंग्या लागल्या होत्या. झटकून एक बत्तासा खाल्ला.