एक जूनची मुलं

बाई,

आज २९ मे, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. शिक्षणाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या जिन्यात बसून मी माझा अर्ज तिसऱ्यांदा तपासतोय. त्यात चूक एकच आहे आणि ती तुमची आहे. तीन दिवसांनी कागदावर मला एकवीस पूर्ण होतील, आणि बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलांची मदत इथे एकविशीला थांबते. दहावीला दोनदा नापास झालो, मग एक वर्ष दिंडोरीला द्राक्षांच्या पॅकिंगवर गेलं, म्हणून डिप्लोमाचं शेवटचं वर्ष अजून राहिलंय. अर्जाच्या तळाशी छापलंय की माहिती खोटी आढळल्यास आधी दिलेली रक्कमही परत घेतली जाईल. 

बालगृहाच्या नोंदवहीत माझ्या जन्मापुढे ‘अंदाजे’ एवढंच होतं. पहिलीत नाव घालताना तुम्ही आम्हा सगळ्यांना लावायचात तीच एक जून लिहिलीत, वर माझं एक वर्ष वाढवलंत, कारण माझा दोस्त माझ्याशिवाय शाळेत जाईना. दर एक जूनला शाळेला सुट्टी, तरी तुम्ही बालगृहाच्या स्वयंपाकघरात यायचात, पातेलंभर शिरा करायचात. अकरा जणांचा एकच वाढदिवस. “तुला मी वर्षभर आधीच मोठं केलंय, आता रडायचं नाही,” म्हणत माझ्या वाटीत दोन बेदाणे जास्त टाकायचात. तिसरीत प्रगतिपुस्तकावर पालकांची सही मीच ठोकली, तेव्हा सगळ्या वर्गासमोर म्हणालात, “दुसऱ्याची सही करायची नाही. कोणी नसेल तर जागा रिकामी ठेव. मी करते.” पुढे दरवेळी केलीत, निळ्या शाईने.

सकाळी आतल्या साहेबांना सांगितलं, माझं खरं वय कागदापेक्षा एक वर्षाने कमी आहे.

“कोण म्हणतं?”

“आमच्या बाई म्हणायच्या. तारीख त्यांनीच लिहिली.”

“आज एक जूनवाला तू चौथा. सरकारने काय एकाच दिवशी वाटली का रे पोरं? जा, बाईंकडून लिहून आण. पाचच्या आत.”

तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, हे मी बोललो नाही. नुसती मान हलवली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. पण दुसरं एक लिहून झालंय, तुमच्या अक्षरात. तुम्हीच गिरवून घेतलंत, त्यामुळे काना-वेलांटीपर्यंत जमतं. त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे.

आजचा खर्च: बस तीस, झेरॉक्स चौदा, निळ्या शाईचं पेन साठ. भरायची फी: अठरा हजार चारशे. सहीची जागा अजून रिकामी आहे.