विषय: भुंग्याचा ताबा

ती. आई (निकाल लागेपर्यंत तरी सासूबाई),

साष्टांग नमस्कार. निकालानंतर तुम्हाला काय म्हणायचं, हे मी कायद्याच्या पुस्तकांत शोधलं. काहीही सापडलं नाही, तेव्हा जुनंच चालू ठेवतो. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं भुंग्याकडून कळलं. तिने पट्टी बांधलेल्या आजीचं चित्रही काढून दाखवलं. (त्यात तुम्ही थेट समुद्रावरच्या चाच्यासारख्या दिसता, पण खुशीत दिसता.) डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली आहे असंही समजलं. तेव्हा हे पत्र स्वतः वाचायचा हट्ट करू नका, घरातल्या मोठ्या माणसाकडून वाचून घ्या. वाचणाऱ्याला माझी एकच विनंती: कंसातलं गाळू नये. तुमच्या घरात कंस गाळायची पद्धत आहे, हे मी दहा वर्षं बघत आलोय.

मी बरा आहे. सकाळी चहा दोन कप होतो, कारण एका कपाचं माप अजून हाताला बसलेलं नाही. दुसरा मी ऑफिसला निघताना गार पितो. बाकी तक्रार नाही.

माझी नोकरी तुम्हाला माहीत आहे. वकीलबाईंच्या ऑफिसात शिरल्या शिरल्या जे टेबल लागतं, ज्याच्यामागचा माणूस वर न बघता "बसा" म्हणतो, तो माणूस मी. अठरा वर्षं झाली. घटस्फोटाला आलेली माणसं बाईंकडे जाण्याआधी माझ्याकडे रडून घेतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. मूल कोणाकडे राहणार, किती दिवस लागतील, मुलाला कोर्टात विचारतात का, नोकरी सोडली तर पोटगी टळेल का. (हा शेवटचा प्रश्न विचारताना माणसाच्या डोळ्यांत जी चमक येते, ती त्याच्या लग्नाच्या फोटोतही नसणार.) तीच ती उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून मी बावीस प्रश्नांचं एक पत्रक तयार केलं. खाली सही बाईंची. पण मजकूर, टायपिंग आणि स्टेपलची पिन सगळं माझं. लोक ते पत्रक घडी घालून खिशात ठेवायचे आणि मला वाटायचं, संसार या विषयात आपल्याला कळत नाही असं आता फारसं काही उरलेलं नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान! एका संध्याकाळी तुमची लेक मला म्हणाली, "मला तुझ्याशी बोलायचंय." मी कागदांतून वर न बघता "बसा" म्हणालो. आई, सवयीने गेलं हो तोंडातून. एकदाच गेलं असतं तर तिने हसण्यावारी नेलं असतं. पण पुढे तिने मोजून दाखवलं, ती पाचवी वेळ होती. ती बसली नाही. आठवड्याभरात माझ्याच बॅगेतून ते पत्रक काढून घेऊन तिने दुसरा वकील गाठला, आणि कोर्टात त्या वकिलाच्या हातात मी माझं पत्रक पाहिलं, बाजूला पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केलेल्या. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेणारे जगात पुष्कळ असतील. धोंड्याच्या प्रती काढून वाटणारा मी एकटाच.

त्या पत्रकातला नववा प्रश्न असा आहे: प्रकरण चालू असताना पती-पत्नींनी आपसात बोलावे का? उत्तर: शक्यतो टाळावे, वकिलामार्फत बोलावे. तुमची लेक हा नियम तंतोतंत पाळते. (हुशार विद्यार्थिनी. लग्नात माझं एकही म्हणणं तिने इतकं मन लावून ऐकलेलं मला आठवत नाही.) शनिवारी भुंग्याला फाटकाशी सोडायला येते तेव्हा माझ्या शर्टाच्या वरून दुसऱ्या बटणाकडे बघते. चार महिने झाले, त्या बटणाला आता लाज वाटू लागलीय. सासूबाईंना पत्र लिहावे का, हा प्रश्न मात्र पत्रकात नाही. म्हणजे मनाई नाही.

आता मूळ मुद्दा. मी ताब्याचा अर्ज का केला, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, कारण मलाच नीट माहीत नव्हतं. बाईंना म्हटलं, मुलगी पूर्णवेळ माझ्याकडे हवी. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "ताबा हवाय की जिंकायचंय?" मी ताबा असंच म्हणालो, पण म्हणायला जरा उशीर झाला आणि बाईंनी तो उशीर ऐकला. तरी अर्ज केलाच. सात पानी. 'अर्जदार हा मुलीचे संगोपन करण्यास सर्वतोपरी सक्षम असून' हे वाक्य त्यात तीन ठिकाणी आहे. टाइप करताना मला अर्जदाराचा भारी अभिमान वाटत होता.

मग कोर्टाच्या समुपदेशक बाई घर बघायला येणार असं कळलं. तो शनिवार होता आणि भुंगा त्या दिवशी माझ्याकडेच होती. (भुंगा हे नाव तुम्हीच ठेवलंत. पाळण्यात होती तेव्हापासून गुं गुं चालू. आता आठ वर्षांची झाली तरी जेवताना, गणितं सोडवताना, बूट घालताना तिचं चालूच.) मी तिच्यासाठी नवा पलंग आणला होता, सुट्या भागांचा, घरी जोडायचा. जोडून झाल्यावर तीन स्क्रू उरले. कंपनीने जास्तीचे दिले असतील अशी मी समजूत करून घेतली आणि ते वाटीत ठेवून दिले. भिंतीवर वेळापत्रक लावलं: उठणे, दात, दूध, अभ्यास, मनमोकळ्या गप्पा (सायंकाळी सहा ते सव्वासहा). समुपदेशक बाईंनी ते शांतपणे वाचलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि लिहिता लिहिता पलंगावर बसल्या.

पुढचं काय सांगू! आधी डोक्याकडची बाजू गेली, मग पायाकडची, आणि बाई वहीसकट जमिनीवर. आवाज एवढा झाला की खालच्या मजल्यावरच्यांनी छतावर काठी ठोकली. कोणत्याही सक्षम अर्जदाराने अशा वेळी धावून बाईंना हात दिला असता. आणि मी काय केलं? स्वयंपाकघरात गेलो आणि टेबलाखाली शिरलो. बाई स्वतःच्या हिमतीवर उठून दारात आल्या तेव्हा त्यांना फक्त माझे तळवे दिसत होते. पाच-सात मिनिटांनी मी बाहेर आलो, कपड्यांना कोळिष्टकं लागलेली. त्यांनी पुन्हा वहीत लिहिलं. त्याच क्षणी मी ओळखलं की आपला कारभार आटोपला. वाटीतले तीन स्क्रू मी त्यांना दाखवले, पण त्याने काही सुधारलं असं वाटलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात आम्हा दोघांना कोर्टात बोलावलं, वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि प्रत्येकाला एक प्रश्नावली दिली: आपल्या मुलाविषयी. वीस प्रश्न. मी मनात हसलो. फॉर्म भरण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. सर्वांत आधी पूर्ण करून मी पेनचं टोपण लावलं. मग समुपदेशक बाईंनी दोघांना समोरासमोर बसवून दोन्ही कागद वाचून दाखवले. लसींच्या तारखा माझ्या सगळ्या बरोबर. बुटांचा नंबर दोनने कमी. जिवलग मैत्रीण म्हणून मी जिचं नाव लिहिलं, ती दोन वर्षांपूर्वी शाळा सोडून गेली आहे. भीती कशाची वाटते? मी मोठ्या झोकात लिहिलं होतं, 'कशाचीही नाही.' तुमच्या लेकीने लिहिलं होतं, 'हात सुकवायच्या यंत्राच्या आवाजाची.' आजारी असताना ती कोणाला हाक मारते? मी लिहिलं, 'मला.' (खोटं. तुम्हालाही ठाऊक आहे.) आई, तारखा सगळ्या पाठ आणि पोर अनोळखी अशी माझी गत झाली. मी शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत बसलो, माझ्याच.

अकरावा प्रश्न होता: मूल नाराज किंवा घाबरलेलं असल्याचं तुम्हाला कसं कळतं? माझं उत्तर: 'ती तसे स्पष्ट सांगते.' मग त्यांनी दुसरा कागद वाचला. मी तो नंतर मागून घेऊन दोनदा वाचला, म्हणून शब्दन् शब्द सांगू शकतो. 'तिचं गुणगुणणं थांबतं. माझ्या ते उशिरा लक्षात येतं. तिच्या बाबाला शेजारच्या खोलीत, नळ चालू असतानाही कळतं. ती टेबलाखाली जाऊन बसते. मग तोही जाऊन तिच्याशेजारी बसतो, काही बोलत नाही. ती परत गुणगुणायला लागली की दोघं बाहेर येतात. मला हे जमत नाही.'

मी पाणी मागितलं. अठरा वर्षांत हजारभर फायली हाताखालून गेल्या असतील, पण समोरच्या पक्षाने आपल्या हाताने आपल्या विरुद्ध असं लिहून दिलेलं मी कधी पाहिलं नाही. समुपदेशक बाई म्हणाल्या, त्या शनिवारी पलंग मोडल्यावर तुम्ही टेबलाखाली का गेला होतात ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मी म्हटलं, मलाही कळलं नव्हतं. खरंच सांगतो, आई. पलंगाच्या आवाजाने तिचं गुं गुं थांबलं होतं, एवढंच मला ऐकू आलं होतं. सात पानी अर्जात मी हे कुठेच लिहिलं नव्हतं. मला वाटायचं, हे सगळ्यांनाच ऐकू येत असेल. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे घरी जाताना भलत्याच बसमध्ये चढलो.

असो. बाकी विशेष काही नाही. तब्येतीला जपा. डोळ्यात थेंब वेळच्या वेळी घाला आणि खाली वाकू नका.

आपला,
(तूर्त) जावई

ता. क. १: पत्रकात मी तेविसावा प्रश्न घातलाय. 'अर्ज करण्यापूर्वी काय तपासावे?' उत्तर: 'मुलाच्या बुटांचा नंबर.' बाईंनी सही केली.

ता. क. २: पलंग परत जोडला. या वेळी स्क्रू उरला नाही, उलट एक कमी पडला.

ता. क. ३: आई, तुम्ही आता जरा डोळे मिटून पडा. हे वाचणाऱ्या मोठ्या माणसासाठी आहे. नववा प्रश्न मी मोडलेला नाही. मी माझ्या सासूबाईंना पत्र लिहिलंय, ते तू वाचतेयस त्याला माझा इलाज नाही. सोमवारी मी ताब्याचा अर्ज मागे घेतोय. भुंगा तुझ्याकडेच राहू दे. शनिवार-रविवार कोर्ट देईल ते मला मान्य आहे. फक्त एक मागणं आहे, ते कुठल्याही कलमात बसत नाही. रोज संध्याकाळी ती अभ्यासाला बसते तेव्हा फोन लावून नुसता टेबलावर ठेवशील का? माझ्याशी बोलू नकोस, तिलाही बोलायला लावू नकोस. मी भांडी घासत ऐकत असेन. गुणगुणणं थांबलं, तर तुला सांगेन.

ता. क. ४: "बसा" बद्दल चूक झाली. पाचही वेळा. याचं उत्तर वकिलामार्फतच पाठव. आमच्या ऑफिसातलं टपाल मीच उघडतो.