दिलेल्या लेकीची गाडी

१० फेब्रुवारी, मंगळवार

आईचं डायलिसिस आज चुकलं. मुलुंडला लॅबसाठी एका आजोबांचं रक्त काढत होते, तेव्हा तिचा फोन. "बबन आला नाय गो. अंगणात बसून होते." गावातून तालुक्याच्या दवाखान्यात नेणारी एकच रिक्षा, बबनची. दर मंगळवार-शुक्रवार ठरलेली. त्याला फोन लावला. आधी उचलेना, मग म्हणाला, "ताई, मलापण याच गावात राहायचंय ना." म्हणजे झालं. आईला वाळीत टाकलं, आता रिक्षाही बंद.

कारण काय, तर पिठलं-भात. शेजारच्या सुशीलाकाकीचं घर देवळाच्या जागेच्या भांडणात आधीपासूनच वाळीत. गेल्या महिन्यात तिचा नवरा गेला. मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण नेतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कोणी गेलं नाही. आई टोप घेऊन गेली. स्वतःला दोन पावलं धड चालवत नाहीत आणि...

दुकानदार तिला सामान देत नाही हे आधीच कळलं होतं. "मीठपण देत नाय," म्हणाली. मीठ तुला तसंही बंदच आहे, असं म्हणून मी हसले होते. हसले!

११ फेब्रुवारी, बुधवार

गावाच्या मुंबई मंडळाची सभा, घाटकोपरला, शाळेच्या हॉलमध्ये. विषय शिमग्याची पालखी. दादा कमिटीत आहे, माझा सख्खा भाऊ, पण मला बघून त्याने चष्मा पुसायला घेतला. मी उठून म्हटलं, आईचं डायलिसिस चुकलंय, आजारी बाईची तरी रिक्षा सोडा. अध्यक्ष अगदी गोड आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही दिलेल्या लेकी. तुमचं गाव आता सासरचं. तुमचा इथे प्रश्नच येत नाही." बसा म्हणाले. चहा दिला.

बाहेर दादा: "आईने देवळापुढे पालखीच्या ओट्यावर, सहाणेवर, गावकीसमोर नारळ ठेवावा, चुकलं म्हणावं. पाच मिनिटांचं काम. तू उगाच डोकं फिरवू नको तिचं."
"आणि तू?"
"मला तीन पोरांची लग्नं करायचीत, सुजाता."

आईला सांगितलं. म्हणाली, "नारळ ठेवला म्हणजे भात दिला ती चूक झाली. ती चूक कशी गो?" हिला मुंबईत आणणं नको. मागच्या वर्षी आणली होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही, भांडुपच्या सेंटरला जागा मिळेपर्यंत हाल झाले तिचे, शेवटी पळालीच. आता तर म्हणते, मी गेले की घराला कुलूप, त्यांना तेच हवंय. माझा नवरा महेश म्हणतो पोलिसात जा, कायदा आहे. आहेच. पण तक्रार मी केली तरी जबाब तिचा हवा, आणि ती देत नाही. तालुक्यातला दुसरा रिक्षावाला एकदा आला, फाट्यावर त्याला कोणीतरी काहीतरी सांगितलं, पुन्हा आला नाही. एसटी फाट्यावरच थांबते. तिथून नुसता चढ.

विक्रोळीच्या सिग्नलला स्कूटीवर उभी असताना सुचलं. मी गावात मोजलीच जात नाही ना? मग वाळीत कशी टाकणार मला? जन्मभर ज्या गोष्टीचा राग राग केला, तीच कामाला आली. गाडी घेऊन जाते. आईला मी नेईन. पुढचं तिथे ठरवू, पण गाडी तिथेच ठेवायची, हे पक्कं.

रात्री महेशला सांगितलं. त्याने खिडकीतून खाली उभ्या गाडीकडे बघितलं. मग म्हणाला, "ही खेळण्यातली गाडी? गोवा हायवेवर?"

१२ फेब्रुवारी, गुरुवार. महाड

सकाळी गॅरेजवाल्याने ब्रेक बघून दिले, मागचा टायर बदलला. "ताई, ही पवईच्या चढावर रडते." रडू दे म्हटलं. लॅबमधून दहा दिवसांची सुट्टी, नाक मुरडून का होईना, मिळाली. सॅम्पलची बर्फाची पेटी पायाशी ठेवली, त्यात आईची रक्तवाढीची इंजेक्शनं.

ऐरोलीचा पूल, पनवेल, तिथपर्यंत ठीक. पुढे वाट लागली. खड्डे असे की छोटं चाक आत गेलं की गेलंच. ट्रेलर बाजूने गेला की गाडी आपोआप डावीकडे सरकते. वडखळच्या पुढे डायव्हर्जनच्या खडीत घसरले. गुडघा सोललाय, पेटी शाबूत. एक टेम्पोवाला थांबला, गाडी उभी करून दिली, कुठे निघालात विचारलं. माहेरी, म्हटलं. त्याने हेल्मेटमध्ये डोकावून बघितलं आणि गेला.

इथे लॉजवर एकट्या बाईला खोली नाही. "मिस्टरांशी बोलणं करून द्या." दिलं करून. महेश त्याच्याशी इतका सभ्य बोलला की मला महेशचाच राग आला. मला भीती वाटतेय. रस्त्याची नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. गाव

पहाटेच निघाले. कशेडी घाट चढताना गाडीपेक्षा माझाच दम निघाला. अकराच्या सुमारास अंगणात. आईचा चेहरा सुजून वेगळाच झालाय. पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो. आडवी झाली की श्वास लागतो, म्हणून रात्रभर भिंतीला टेकून बसलेली. मला बघून पहिलं वाक्य: "जेवलीस का?"

चहासुद्धा न घेता तिला मागे बसवलं. सुया टोचायचा डावा हात मोकळा ठेवून ओढणीने तिला माझ्या कमरेशी बांधलं. उतारावर तिचं सगळं वजन पाठीवर यायचं. किती हलकी झालीय! फाट्यावर बबन रिक्षात बसून होता. मोबाइलमध्ये बघत राहिला.

सिस्टरने वजन बघून मला झापलं. "एवढं पाणी साठेपर्यंत काय करत होता?" काय सांगणार? ट्रॅफिक होतं म्हटलं.

येताना आई पाठीवर डोकं टेकून झोपली. मी गाडी रांगत आणली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सूज बरीच उतरली. आई बोलायला लागली, म्हणजे मला शिव्या द्यायला. गुडघ्याला हळद लावली.

सुशीलाकाकी मागच्या दाराने आली. मागच्या दाराने! शेजारच्याच घरातून. चाळिशीतच केस पिकलेली, आता पन्नाशी उलटली, नवऱ्यामागे घरात एकटी. बसली आणि रडायलाच लागली, "माझ्यापायी तुझ्या आईची ही दशा." आई म्हणाली, "गप ग, भाताला मीठपण नव्हतं धड." दोघी हसल्या. मग काकी माझ्याकडे वळून: "बाय, ही गाडी बाईमाणसाला येते ना? मग मना का येणार नाय?"

खरं सांगायचं तर हे मला आधी सुचायला हवं होतं: मी गेल्यावर आईला नेणारी काकीच.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी वरच्या सड्यावर, मोकळ्या माळावर, काकीला शिकवलं. पदर खोचून बसली. ब्रेक दाबायचा सोडून अ‍ॅक्सिलरेटर पिळते आणि गाडीला "हो हो हो" करते, जणू बैलच. दोनदा पडली. कातळावर कोपर फुटलं. मी घाबरले, तर म्हणते, "पुन्यांदा बसव." उन्हं वर येईपर्यंत एक सरळ फेरी मारली. लायसन्सचं सोमवारनंतर बघू. आई अंगणातून वर बघत होती.

आज जरा बरं वाटलं. लिहायलाही भीती वाटते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

गावकीचे दोघे आले. ओटीवर बसले नाहीत, अंगणातच उभे. "ताई, पाहुण्या म्हणून या, चार दिवस राहा, जेवा. तुमच्याशी वैर नाही. फक्त गाडी ठेवून जाऊ नका. आणि त्या बाईला शिकवू नका." मी म्हटलं, मी गावात मोजलीच जात नाही, तुम्हीच म्हणालात. त्यातला मोठा हसला. "सासरी तर मोजतात ना?"

दुपारी महेशचा फोन. सासऱ्यांना त्यांच्या मंडळातून फोन आला होता. सासर खाडीपलीकडच्याच गावचं. महेशच्या बहिणीचं, प्रियाचं, लग्न ठरलंय, मुलाचे काका याच लोकांच्या ऊठबशीतले. तिकडून "विचार करतो" असा निरोप आलाय. महेश ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "सुजू, प्रिया रडतेय. गाडी घेऊन ये परत. आईंचं दुसरं काहीतरी बघू." दुसरं काय? मी विचारलं, तर म्हणाला, "ते मला माहीत नाही."

प्रियाला मी केस विंचरून शाळेत धाडलेलं आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

डायलिसिस. मशीन चालू असताना आईने विचारलं, जावईबापूंचा फोन होता ना? पातळ भिंतीचं घर, सगळं ऐकलेलं. मग छताकडे बघत म्हणाली, "मी नारळ ठेवते. माझं काय, आज आहे उद्या नाय. त्या पोरीचं लगीन नको मोडायला."

मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. आधी ते, मग लाज. बाहेर जाऊन उभी राहिले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दादाचा फोन, खुशीत. "झकास! ऐकलं ना शेवटी आईने. उद्या संध्याकाळी सहाणेवर, मी बोलून ठेवलंय." त्याला म्हटलं, तू ये ना मग. रजा नाही म्हणाला.

काकी आज सड्यावर आली नाही. मी गेले तर दार लावलेलं. आतून म्हणाली, "नको बाय. मीच नको म्हणते."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं. डोकं विंचरून दे म्हणाली. मग ओटीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "देवळापर्यंत चालवणार नाय. गाडीवरून सोड."

तिला कुणापुढे वाकावं लागू नये म्हणून ही गाडी भांडुपपासून आणली. तिच्यावरूनच तिला वाकायला नेलं.

सहाणेपाशी वीसेक माणसं. बायका लांब. आईला पायरी चढवेना, कोणी हात दिला नाही, मीच धरलं. सोमवारच्या दोघांतल्या मोठ्याने सांगितलं, काय बोलायचं ते: चुकलं, पुन्हा त्या घरात पाय ठेवणार नाही. आई नारळ हातात धरून उभी. मला वाटलं, श्वास लागला. मग म्हणाली,
"आधी एक सांगा. उद्या तुमच्या घरात मयत झालं तर मी भात आणू की नको?"

एकाने दुसऱ्याकडे बघितलं. पुन्हा तेच विचारलं तिने, अगदी साधेपणाने, खरंच उत्तर हवं असल्यासारखं. शेवटी मोठा म्हणाला, हा प्रश्न आजचा नाही, मुंबईच्या मंडळाला विचारावं लागेल. "विचारा," आई म्हणाली, आणि नारळ पिशवीत परत टाकला.

घरी येऊन तिने तो फोडला, वाटण केलं. तिला नारळ वर्ज्य, मी जेवले. एक वाटी सुशीलाकाकीकडे, पुढच्या दाराने, मला नेऊन द्यायला लावली. काकीने वाटी घेतली आणि विचारलं, "गाडी ठेवणार काय?"

महेशचे तीन मिस्ड कॉल. प्रियाचा एक. परवा मला निघायला हवं, गाडीवर किंवा एसटीने. उद्या शुक्रवार आहे, उद्या मी आहे. मंगळवारी गाडी इथे असेल की तिथे, महेशला काय सांगायचं ते अजून ठरत नाही. किल्ली उशाशी घेतलीय. आई भिंतीला न टेकता झोपलीय.