कोऱ्या कडेची पट्टी

३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीची पाठ कशी आहे? तिला वाकून केर काढू देऊ नकोस. तुझ्या लाकडांचा भुसा तूच झाड.

सोबत बाबांची पाय मोजायची लाकडी पट्टी पाठवते आहे. त्यांचे बुटांचे साचे तिच्याच मापाचे, म्हणून दुकानात दुसरी चालत नाही. तिच्या कडेवर मी दर वाढदिवसाला माझ्या भुंग्याच्या पावलाची खाच पाडायचे, हे तुला ठाऊक आहे. तो गेल्यापासून मला मुलांची मापं घेववत नाहीत. सरकता ठोकळा त्याच्या शेवटच्या खाचेशी येतो आणि पुढे जातो. माझं पोर जिथे थांबलं तिथून लोकांची पोरं पुढे जातात, दादा. काल एका आईला खोटं सांगून परत पाठवलं. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लागेल.

तू जुन्या मापांच्या हुबेहूब नकला करतोस. हिची एक करून दे, पण खाचांशिवाय. जुनी परत पाठवू नकोस.

माया असू दे.
तुझी धाकटी

२६ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनी बरी आहे. केर मीच काढतो आणि एक कोपरा सोडतो म्हणून रोज बोलणी खातो. तिला कारण सांगितलेलं नाही. भुंगा त्या कोपऱ्यात बसून भुशाचे डोंगर करायचा. शेवटचा अजून तसाच आहे. माझा झाडू तिथे जात नाही.

पट्टी पाठवतोय. आकडे बाबांच्याच वळणाचे, त्यांचा तो पोट सुटलेला सातसुद्धा. पहिल्या खेपेला सवयीने एक खाच पाडून बसलो. नक्कल करणाऱ्याचा हात, दिसेल ते उतरवतो. ती बाजूला टाकून दुसरी केली. जुनी कपाटात आहे. तिचं काय करायचं ते तूच ठरव.

जेवत जा. रागावलीस तरी चालेल, पण लिहीत जा.
दादा

९ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पट्टी पोचली. बाबासुद्धा फसले असते. त्याच दिवशी एक मुलगी आली, गुदगुल्या होतात म्हणून पाय ओढून घेणारी, तोंडाची टकळी चालूच. ठोकळा सुरळीत सरकला. पण माझा अंगठा कडेवर खाच शोधत राहिला. तीच जागा पुन्हा पुन्हा चाचपली. काहीच नव्हतं. माझं पोर कधी नव्हतंच, असं वाटलं. मी तिच्यासमोर ढसाढसा रडले. तिने आईला विचारलं, माझा पाय फार मोठा झाला म्हणून रडतात का? मी म्हटलं, हो गं, छान मोठा झालाय. मग माप घेतलं.

जुनी पाठवून दे. मुलांची मापं तिच्यावरच घेईन. रडू आलं तर येऊ दे. नवी मोठ्यांसाठी ठेवते.

वहिनीला जप, आणि मलाही असाच सांभाळून घे.
तुझी धाकटी

ता. क. तो कोपरा इतक्यात झाडू नकोस. मी बघायला येते आहे.