आईचा गुडघा आणि माझा लेसर

३ जानेवारी
सोलापूरहून विरेशचा फोन. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घेतली म्हणे, पंचवीस. मोठा भाऊ मी, आई राहते माझ्याकडं, पण सगळं परस्पर ठरलं. मी येरमाळ्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, हे घरात कुणाच्या खिजगणतीत नाही. गुडघ्यावर प्रकाश सोडून दुखणं घालवायला ऑनलाइन लेसर मागवला. ऑपरेशनची गरजच पडणार नाही. आई येडाई देवीचा डोंगर पायी चढेल, तेव्हा बघू विरेशचं तोंड.

७ जानेवारी
प्रयोग केला. ग्लासभर दुधात लेसर सोडला. किरण आत शिरताच विखुरला, अख्खा ग्लास लाल. म्हणजे मांसातही प्रकाश असाच चोहीकडं पोचणार. मंजुषा म्हणाली, ग्लासाच्या पल्याड तर काहीच येईना. बायकोला विज्ञान शिकवत बसायला वेळ नाही. दूध तिनं मांजराला घातलं.

१२ जानेवारी
रोज लेसर धरतोय, आईला फरक शून्य. दोष माझा नाही. कातडी प्रकाश उधळून लावते, उरलेला रक्त गिळतं, सांध्यापर्यंत काय पोचणार डोंबल! जास्त पॉवरचा मागवला.

१६ जानेवारी
नवा लेसर आला. आईच्या गुडघ्यावर बिब्ब्याचे काळे डाग आहेत. दुखलं की बिब्बा तापवून त्याचं तेल टेकवते, जुनी खोड. आधी चिडलो. मग डोक्यात प्रकाश पडला. काळा रंग प्रकाश सगळ्यात जास्त शोषतो! म्हणजे ही तर आत जायची आयती दारं. उद्यापासून लेसर डागांवरच.

१७ जानेवारी
आई लई कळवळली, भाजतंय म्हणाली. मी म्हटलं, आत पोचतोय म्हणून भाजतंय. बिचारीनं पदर दातांत धरला. मला फार समाधान वाटलं.

१९ जानेवारी
डाग होते तिथं फोड. काळ्यानं सगळा प्रकाश वरच्या वर पिऊन टाकला, कातडी तापली, आत काही गेलंच नाही. थिअरी बरोबर होती. बिब्ब्यानं घोळ केला.

२४ जानेवारी, सोलापूर
डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि भडकलेच. जखम चिघळलीय, आईला शुगर. ऑपरेशन रद्द, पुढचं सांगता येत नाही. कशानं भाजलं, विचारलं. विरेश माझ्याकडं बघायला लागला. तेवढ्यात आई म्हणाली,
"माझं मीच बिब्बा लावला. ह्याला कायबी ठाव न्हाय."
डॉक्टर तिच्यावर ओरडले. पोरगा सायन्सचा मास्तर, त्याला तरी विचारायचं, म्हणाले. तिनं चुकलं म्हणून हात जोडले.
मग मीही तिला दोन शब्द सुनावले.